नववीचा वर्ग कुठे आहे?

आमच्या समुपदेशन केंद्राच्या केसपेपरवर नाव, वय, पत्ता यांच्या खाली एक रकाना असतो – शिक्षण. नवऱ्यानं हाकललेली असो, सासरचा जाच सोसून माहेरी आलेली असो, सोळाव्या वर्षी लग्न लागून अठराव्या वर्षी कडेवर पोर घेऊन आलेली असो, मी तो रकाना भरते आणि पुढे सरकते. कारण त्याच्या खाली 'तक्रारीचे स्वरूप' असतं आणि आपला सगळा जीव तिथे. बरीच वर्षं मी अशीच पुढे सरकत आले. गेल्या पावसाळ्यात जुन्या फायली वाळवायला काढल्या (केंद्राचं छप्पर गळतं हे वेगळं सांगायला नको) तेव्हा तो एकच रकाना मी पहिल्यांदा सलग वाचला. सातवी. आठवी पास. आठवी. नववी सोडली. सातवी. निरक्षर. आठवी. मी टक्केवारी काढलेली नाही, तेव्हा आकडे मागू नका. पण एवढ्या बायांची आयुष्यं वेगवेगळी, जाती-धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, आणि शाळा मात्र सगळ्यांची एकाच पायरीवर येऊन थांबलेली, हे दिसल्यावर फायली परत बांधून ठेवणं मला जमलं नाही.

एम.एस.डब्ल्यू.च्या पुस्तकांत याला 'गळती' म्हणत. शासनाच्या अहवालांतही हाच शब्द. मोठा सोयीचा शब्द आहे. नळ गळतो, पानं गळतात, त्यात कुणाचा हात नसतो. मुलगी 'गळाली' म्हटलं की तिला शाळेबाहेर कुणी ठेवलं हा प्रश्नच उरत नाही. मग कारणांची यादी येते : पालकांची उदासीनता, घरकाम, धाकटी भावंडं, मासिक पाळी, लवकर लग्न. माझ्या प्रबंधात मीही हीच यादी दिली होती आणि मला चांगले गुण पडले होते. त्या यादीत एक साधं कारण घालायचं राहिलं, हे आज कबूल करते. पुष्कळ ठिकाणी मुलीला परवडेल, पोचता येईल आणि दारातून आत घेईल असा पुढचा वर्गच नसतो.

मी ज्या गावांमध्ये काम करते त्यातलं एक वळ. भिवंडी तालुका, अंजूरफाट्याकडून दापोड्याच्या वाटेवर. ज्यांनी हे गाव पाहिलेलं नाही त्यांनीही त्याच्याशी व्यवहार केलेला आहे. तुम्ही पुण्या-मुंबईत घरबसल्या मागवलेला मिक्सर, चपला, पोरांची पुस्तकं बहुधा याच पट्ट्यातल्या एखाद्या गोदामातून निघालेली असतात. मुंबईच्या नाक्यावर जकात होती तेव्हा व्यापाऱ्यांनी भिवंडी शहराच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींच्या जमिनींवर माल उतरवायला सुरुवात केली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण गोदामं गेली नाहीत. उलट वाढली. भाताची खाचरं होती तिथे पत्र्याच्या शेडी आल्या, आणि शेडींमागोमाग माणसं. आगरी आणि कुणबी इथलेच, आदिवासी पाडे इथलेच. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, बंगालचे लोक आले, मराठवाड्यातून आले, नेपाळचे वॉचमन आले. यांची मुलं एका वर्गात बसवली तर अर्ध्या देशाची हजेरी लागेल.

ती कुठे राहतात? २९ एप्रिल २०२३ ला वळपाड्यातली एक इमारत कोसळली. खाली गोदाम होतं, वर बिऱ्हाडं. आठ माणसं गेली. त्यानंतर परवानग्यांबद्दल, धोकादायक इमारतींबद्दल बोललं गेलं आणि ते बोलायलाच हवं होतं. पण गोदामाच्या डोक्यावर बिऱ्हाडं आहेत म्हणजे तिथे पोरंबाळं आहेत, मग ती सकाळी कुठल्या शाळेत जातात, हा प्रश्न त्या चर्चेत आलेला मला आठवत नाही. माल कुठे ठेवायचा याचं या गावांत नियोजन आहे. माणसं कुठे ठेवायची याचं नाही, मग मुलींच्या नववीचं कुठून असणार?

एका मुलीबद्दल सांगते. नाव देत नाही, ओळखही पुसून टाकली आहे. बाप हमाल, आई पॅकिंगला. पोरगी आठवी पास झाली आणि दाखला हातात घेऊन आईबरोबर निघाली. आजूबाजूच्या एका स्वयंअर्थसहाय्यित शाळेनं फी सांगितली, ती आईच्या दोन महिन्यांच्या मजुरीपेक्षा जास्त. शहरातल्या एका अनुदानित शाळेनं जागा नाही म्हटलं. दुसरीनं कागद पाहिले. सहावीपर्यंतचं शिक्षण दुसऱ्या राज्यातलं, त्या दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी हवी. ती आणायला कोण जाणार, किती दिवसांची मजुरी बुडवून? तिसऱ्या शाळेत माध्यम जुळेना. एवढं करून कुठे प्रवेश मिळाला असता तरी जायचं कसं, तर कंटेनरच्या रांगेतून वाट काढत, वडाप रिक्षात सहा पुरुषांच्या मांडीला मांडी लावून. गावातली एक आगरी बाई मला म्हणाली होती, "ताई, नववीला टाकाची, पन पोर पोचल कशी?" तिची मुलगी आणि ही परप्रांतातली मुलगी, दोघी एकाच महिन्यात घरी बसल्या. गावात एरवी या दोन घरांचं एकमेकांशी पटत नाही. पंधराव्या वर्षी ही दुसरी पोरगी आईच्या शेजारी उभी राहून खोक्यांवर बारकोड चिकटवत होती.

आणि कायद्यानं सगळं बरोबर आहे! हे नीट पाहा. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयोगटाचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी, दाखला नसला तरी प्रवेश नाकारायचा नाही, हे सगळं तिथपर्यंतच. २०१६ साली बालमजुरीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. चौदाच्या आतल्या मुलांना कामावर ठेवायला बंदी (घरच्या धंद्याचा अपवाद ठेवून, आणि तो अपवाद मुलींच्याच मुळावर येतो, कारण यंत्रमागासाठी कांड्या भरणं, कापडाचे धागे कापणं हे सगळं 'घरचं'च असतं). चौदा ते अठरा मात्र धोकादायक उद्योग सोडून कुठेही चालेल. आणि २००६ चा बालविवाहाचा कायदा म्हणतो, अठराच्या आत लग्न नाही. आता तिन्ही कायदे शेजारी ठेवा. चौदा ते अठरा या चार वर्षांत मुलीला लग्न करायला मनाई, काम करायला परवानगी आणि शिकायला हक्क नाही. ज्या दिवशी शाळेचं दार लागतं त्याच दिवशी गोदामाचं उघडतं. मग आपण बालविवाह झाला की आईबापांवर गुन्हा दाखल करायला धावतो. २०२१ साली लग्नाचं वय एकवीस करणारं विधेयक आलं होतं, ते २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळलं. त्यावर आपल्या गटांत कितीतरी चर्चा झाल्या. त्या तीन वर्षांत नववीच्या वर्गावर एखादी बैठक झाली का?

नवीन शिक्षण धोरणात, २०२० च्या, माध्यमिकपर्यंत सगळी मुलं २०३० सालापर्यंत शाळेत येतील असं लिहिलेलं आहे. धोरणात लिहिलेलं कोर्टात मागता येत नाही. गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक १९११ साली मांडलं आणि घटनेत तो मूलभूत हक्क २००२ साली आला. नव्वद वर्षांचा हिशेब माध्यमिकला लावायचा असेल तर आजच्या पोरींच्या पणत्यांनी वाट पाहावी.

महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण शासनानं स्वतः फारसं चालवलंच नाही. प्राथमिक जिल्हा परिषदेकडे आणि महापालिकेकडे, आणि आठवीपासून पुढे बहुतेक सगळं संस्थांकडे, शासनाचं अनुदान घेऊन. त्या संस्थांनी खेड्यापाड्यांत मोठं काम केलं, हे नाकारायचा कृतघ्नपणा मी करणार नाही. पण संस्था म्हणजे कुणाची तरी संस्था. एका समाजाची, एका पुढाऱ्याची, एका भाषेची. दारातून कुणाला आत घ्यायचं याचा शेवटचा शब्द तिचा. आता तर नव्या शाळा स्वयंअर्थसहाय्यित कायद्याखालीच निघतात, त्यांना अनुदान नाही हे कायद्यातच आहे, म्हणजे फी आली. मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत, ही घोषणा महाराष्ट्रात चाळीस वर्षांपूर्वीची. मोफत कुठे? जिथे अनुदानित वर्ग आहे तिथे.

शिवाय प्रवेश मिळाला म्हणजे संपलं असं नाही. सतरा नंबरचा फॉर्म माहीत आहे ना? बाहेरून दहावीला बसणाऱ्यांसाठी असतो. शिकायचं राहून गेलेल्या बाईला तो फार मोठा आधार आहे, आमच्या केंद्रातल्या दोघी त्याच वाटेनं दहावी झाल्या. पण शंभर टक्के निकालाची पाटी लावायची हौस असलेल्या शाळा नववीतल्या कच्च्या मुलीच्या आईला बोलावून हाच फॉर्म पुढे करतात. "घरी राहून अभ्यास करू दे, तिलाच सोपं जाईल." शहरातल्या अशाच एका शाळेच्या कार्यालयात मी एका आईबरोबर बसले होते. आई आनंदानं सही करत होती, पोरीला घरकाम सांभाळून परीक्षा देता येणार म्हणून. फॉर्म आईनं भरला, सही आईची. कागदावर शाळेनं कुणालाच काढलं नाही. ही मुलगी उद्या आकडेवारीत 'गळालेली' म्हणून येईल.

आता योजनांचं. २०२३ च्या लेक लाडकी योजनेत पिवळ्या-केशरी रेशनकार्डाच्या घरात १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला टप्प्याटप्प्यानं एक लाख एक हजार रुपये मिळायचे आहेत. त्यातले आठ हजार अकरावीत गेल्यावर. ही मुलगी अकरावीत जाईल २०३९ च्या सुमाराला. पैसे ठरले, तिचा वर्ग अजून ठरायचा आहे. २०२४ साली व्यावसायिक अभ्यासक्रमांत आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींची फी माफ झाली, म्हणजे बारावी झालेलीला इंजिनिअरिंग फुकट. त्याच वर्षी लाडकी बहीण योजना आली, एकवीस ते पासष्ट वयाच्या बाईला महिना पंधराशे. पैसे बाईच्या हातात पडले तर मला आनंदच आहे, त्यावर नाकं मुरडणाऱ्या सुखवस्तू लोकांची मला चीड येते. पण चौदा ते एकवीस वयातली बहीण कुणाची कोण?

मग मागायचं काय? वळ आणि भोवतालच्या गावांसाठी शासनानं स्वतः चालवलेलं, पाचवी ते बारावीचं एक मोठं हायस्कूल. मराठी, हिंदी, उर्दू आणि अर्धइंग्रजी अशा तुकड्या एकाच आवारात. एकच मैदान, एकच प्रयोगशाळा, एकच ग्रंथालय आणि गावोगाव फिरणारी शाळेची स्वतःची बस. मी 'मोठं' आणि 'एकच' या दोन शब्दांवर अडून बसणार आहे, आणि त्याला भिवंडीचं कारण आहे.

१९७० आणि १९८४ च्या दंगलींनी या गावाचं नाव देशभर झालं. १९७० नंतर न्यायमूर्ती मादन आयोग बसला. १९८४ नंतर मोहल्ला समित्या झाल्या आणि डिसेंबर १९९२-जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. हा इतिहास आपल्या चळवळीनं अभिमानानं सांगावा असाच आहे. पण मोहल्ला समितीत बसत होती ती मोठी माणसं. मुलांचं काय? आगऱ्याची पोर मराठी शाळेत, मोमिनाची उर्दू शाळेत, यंत्रमागासाठी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली घरातली तेलुगूत, पैसेवाल्याची इंग्रजीत. माध्यम म्हणता म्हणता जात आणि धर्म मोजून झाला. या मुली एकमेकींना पहिल्यांदा भेटतात ती पॅकिंगच्या टेबलापाशी. तिथे त्यांची मैत्री होते, हे मी पाहिलेलं आहे. मालकाला जे जमलं ते शासनाला जमू नये?

"त्यांच्यात मुलींना शिकवतच नाहीत" हे वाक्य मी बैठकांमध्ये ऐकते, आपल्याही बैठकांमध्ये. २००६ च्या सच्चर समितीनं सांगितलं की शाळेच्या वयाच्या मुसलमान मुलांपैकी मदरशात जाणारी तीन टक्के, आणि वस्तीजवळ प्राथमिकच्या पुढची शाळा नसणं, त्यातही मुलींसाठी नसणं, हे मोठं दुखणं. भिवंडीत समाजानं स्वतः काढलेल्या उर्दू शाळांत मुली किती हौसेनं जातात ते शाळा सुटायच्या वेळी रस्त्यावर उभं राहून पाहावं.

मुंबईत फील्डवर्कला असताना मला महापालिकेची एक शाळा मिळाली होती. एकाच इमारतीत तीन माध्यमांच्या तीन शाळा, तीन मुख्याध्यापक, तीन हजेरीपट, आणि मजल्यामजल्यांवर अबोला. पण पाण्याचा नळ एकच होता. मधल्या सुटीत तिन्ही शाळांच्या मुली तिथे रांगेत असायच्या, भांडायच्या, एकमेकींच्या वेण्या ओढायच्या, एकमेकींच्या भाषेतल्या शिव्या शिकायच्या. मला तेव्हा ते शिस्तीचा अभाव वाटलं होतं आणि तसं मी अहवालात लिहिलं. आता वाटतं, त्या इमारतीत शाळा अशी जी काही होती ती त्या नळापाशीच होती.

'मोठ्या शाळेत पोरगी हरवून जाईल' हा आक्षेप आपल्याच एका कार्यकर्तीनं घेतला. मी म्हणते, जरा हरवू दे तिला! लहान गावातल्या लहान शाळेत सगळ्यांना सगळं माहीत असतं. हिची जात कुठली, आईला बापानं टाकलंय, काल कुणाशी बोलत उभी होती. संध्याकाळी ते घरी पोचतं आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. हजार-दोन हजार मुलांत तिला निदान सहा तास कुणाची तरी मुलगी नसण्याची सवलत मिळेल. आणि मोठ्या शाळेला गणिताचा, विज्ञानाचा वेगळा शिक्षक परवडतो, समुपदेशक परवडते, लैंगिक छळाची तक्रार घेऊन जायला एकाहून जास्त बाया असतात. तिरुवनंतपुरमला कॉटन हिल म्हणून मुलींचं सरकारी हायस्कूल आहे, हजारो मुलींचं, देशातल्या सर्वांत मोठ्या मुलींच्या शाळांपैकी एक. सरकारला चालवता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी तिथे जाऊन यावं. ती फक्त मुलींची आहे, हे खरं. वळच्या आयांना विचारलं तर त्याही मुलींची वेगळीच शाळा मागतील, आणि इथे माझं त्यांच्याशी जुळत नाही. पण वेगळी शाळा की काहीच नाही, अशी वेळ आली तर मी आयांच्या बाजूला उभी राहीन.

आणखी एक गल्लत होऊ देऊ नका. २०२३ साली शिक्षण खात्यानं वीसच्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूहशाळा' करायचं काढलं, त्याला राज्यभर विरोध झाला आणि आपणही तो केला. पाड्यावरची चौथीपर्यंतची शाळा बंद करून सहा वर्षांच्या पोरीला बसमध्ये कोंबणं, आणि चौदा वर्षांच्या पोरीसाठी जिथे काहीच नाही तिथे मोठी शाळा बांधणं, या दोन उलट गोष्टी आहेत. शासन पहिलीलाच दुसरीचं नाव देईल. त्याच साली शाळा दत्तक द्यायची योजनाही आली. वळमध्ये गोदामाच्या कंपन्या पुष्कळ आहेत, त्यांच्याकडून बाकं आणि रंग घ्यायला हरकत नाही. शाळा मात्र दत्तक जायला अनाथ नाही.

जागा नाही, हे उत्तर येणार. वळच्या परिसरातल्या साठ गावांसाठी एमएमआरडीए ही नियोजन प्राधिकरण आहे. विकास आराखड्यात शाळेसाठी कुठल्या गटनंबरवर आरक्षण होतं आणि आज तिथे काय उभं आहे, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येतं. आमच्या गटानं तो अर्ज लिहून ठेवला आहे. प्रत्येक गावातून एकेक बाईच्या नावानं जाईल, संस्थेच्या लेटरहेडवर नाही.

आपल्याबद्दलही बोलायला हवं. आपण चारशे अठ्ठ्याण्णव-अ साठी लढलो, २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यासाठी लढलो आणि दर ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घातला. शाळा हा विषय मात्र आपण शिक्षणवाल्यांना देऊन टाकला. मार खाऊन आलेल्या बाईला आपण पोलीस ठाण्यात नेतो, कोर्टात नेतो, आणि शेवटी विचारतो, "काही काम करशील का?" ती म्हणते, "आठवी शिकलेय ताई, कोण देणार?" मग आपण तिला शिवणकामाच्या वर्गाचा पत्ता देतो. मीही दिले आहेत, किती दिले ते आठवत नाही.

ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते, कायद्यानंच. पुढची २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी. ठरावाचा मसुदा आम्ही तिथेच, बायांच्या बोलीत करणार आहोत. आगरी बाया येतील. चाळीतल्या परप्रांतीय बायांची नावं इथल्या मतदारयादीत नाहीत, म्हणून त्यांना बसू द्यायचं की नाही यावर सरपंचबाईंशी आमचं बोलणं चालू आहे. गेल्या खेपेला त्या म्हणाल्या, "बसू दे, पण बोलू नको दे." बारकोडवाल्या मुलीच्या आईनं त्या दिवशीची पाळी आत्ताच बदलून घेतली आहे.